मास्तरांचे खडे

चांगदेव मास्तरांच्या पित्ताशयात खडे आहेत ही बातमी बोर्ली पंचतनच्या बाजाराला कोकिळाबाईंच्या आधी कळली. त्याचं असं झालं, की मुंबईचे एक मोठे सर्जन सासुरवाडीला म्हणून दिवेआगरला आले होते आणि त्यांनी मास्तरांना तपासलं ते सासऱ्यांच्या ओटीवर, भर गर्दीत. उजव्या बरगडीखाली त्यांनी चार बोटं खुपसली, मास्तर "आई गं!" करून किंचाळले आणि डॉक्टर म्हणाले, "खडे आहेत. कापून काढावे लागतील." ओटीखाली नारळ सोलत बसलेल्या गड्यानं तेवढं ऐकलं आणि कोयता तिथंच टाकून तो चालू लागला. मास्तर बैलगाडीतून घरी पोचले तेव्हा त्यांची बायको कोकिळाबाई दारात उभ्या होत्या आणि शेजारच्या भागुबाई त्यांना धीर देत होत्या.

मास्तरांच्या सोबतीला म्हणून धर्माजी गेला होता. मास्तरांच्या मागच्या वाडीतला हा शेतकरी. दोघं एकाच वर्षी बिगारीत बसले. पुढे मास्तर शिकत गेले आणि धर्माजी बैलांमागे गेला, पण संध्याकाळी मास्तरांच्या ओटीवर येऊन बसायचा नेम त्यानं कधी मोडला नाही. त्यालाही दोन वर्षं पोटात कळ यायची आणि तो ओवा चावून ती घालवायचा. "आलोच हाय तर माजं बी बगा," असं तो सहज म्हणाला. डॉक्टरांनी बोटं खुपसली. धर्माजी ओरडला नाही, नुसता पांढरा पडला.

"तुम्हालाही तेच," डॉक्टर म्हणाले. "दोघांनीही शेवटच्या आगबोटीच्या आत मुंबईला यायचं. मी दोन खाटा राखून ठेवतो. एकदा पावसाळा लागला, बोटी बंद झाल्या, आणि दुखणं उठलं, तर या गावातून तुम्हाला बाहेर कसं काढणार? आत पू झाला तर माणूस जातो."

येताना गाडीत धर्माजी म्हणाला, "डाक्तर बोलतो कापायचं, तर कापायचं. बैलाचं शिंग तासतो तवा बैलाला इचारतो काय आपण?"

मास्तरांना हा दृष्टान्त मुळीच आवडला नाही.

आता खरं सांगायचं तर मास्तर भ्याले होते. सुरीला भ्याले होते, क्लोरोफॉर्मला भ्याले होते, आणि त्याहीपेक्षा, बेशुद्धीत आपण काय बडबडू याला भ्याले होते. पण चाळीस पोरांना छडीखाली ठेवणाऱ्या माणसाला भीती वाटून चालत नाही; त्याला तत्त्व सुचतं. मास्तरांना ते गाडी ओहोळातून जाताना सुचलं. "शस्त्रक्रिया हा अखेरचा उपाय," ते घरी आल्याबरोबर म्हणाले. "त्याआधीचे उपाय केल्याशिवाय अखेरच्या उपायाला हात घालणं हे शास्त्राला धरून नाही."

कोकिळाबाई म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर काय, त्यांच्या हातात सुरी आहे. ते कापाच म्हणणार."

त्याआधीचे उपाय कोणते, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. गावाला होतं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून जो तो कुळीथ घेऊन येऊ लागला. खडा म्हटला की कुळथाचा काढा, यात उभ्या पंचक्रोशीत दुमत नव्हतं. मास्तरांनी पाटी मागवली, तिच्यावर यकृताखालचं पित्ताशय काढलं, मूत्राशय काढलं, आणि हा खडा वेगळा आणि तो खडा वेगळा हे भागुबाईंना बाण दाखवून समजावलं. भागुबाईंनी चित्र नीट पाहिलं. "छान काढलंय," त्या म्हणाल्या. "पण मास्तर, खडा तो खडा. वरचा काय नि खालचा काय, जायचा खालीच ना?" मास्तरांनी कुळीथ घेतला.

सकाळी कुळथाचा काढा, दुपारी कुळथाचं पिठलं, रात्री कुळथाचं कढण. पोटातले खडे जागचे हलले नाहीत. वर्ग मात्र हलला. पहिल्या बाकावरची हुशार मुलं एकेक करून मागे जाऊन बसू लागली, आणि शेवटी मास्तर खिडकीत उभे राहून, तोंड आत आणि बाकीचा देह शक्य तेवढा बाहेर ठेवून भूगोल शिकवू लागले. त्यांच्या अब्रूवर हा पहिला घाव.

मधेच एकदा कळ आलीच. मास्तर जमिनीवर गडाबडा लोळले. ती ओसरल्यावर कोकिळाबाईंनी शांतपणे शाई-टाक पुढे ठेवला आणि मास्तरांनी संस्थानच्या मुरुडच्या शिक्षण कचेरीला दोन महिन्यांच्या रजेचा अर्ज लिहिला. लिहिताना त्यांना तसा घोर नव्हता. मुरुडच्या कचेरीला ते वीस वर्षं ओळखून होते. शाळेचं छप्पर गळतं हा अर्ज त्यांनी केला होता तेव्हा उत्तर येईपर्यंत छप्परच पडलं, आणि उत्तरात 'कोणते छप्पर' अशी विचारणा होती. अर्ज दिघीला जाणार, खाडी ओलांडून आगरदांड्याला, तिथून मुरुडला, आणि तिथं चांगला मुरणार. तोवर शेवटची बोट गेलेली असेल. आपण काय करणार? सरकारच रजा देत नाही!

रजा आठ दिवसांत मंजूर होऊन आली. वर साहेबांनी स्वतःच्या हातानं 'लवकर बरे व्हा' असा शेरा मारला होता. मास्तर तो कागद हातात घेऊन झोपाळ्यावर बसले आणि त्यांनी संस्थानच्या कारभाराला अशा शिव्या घातल्या की आत कोकिळाबाईंना वाटलं, रजा नामंजूर झाली.

बोट आता दोन आठवड्यांवर आली होती. धर्माजीची तयारी झाली होती. त्यानं मेव्हण्याला बैल सांभाळायला सांगून ठेवलं होतं, आणि त्याच्या बायकोनं, रंगूनं, वाटेसाठी तांदळाच्या भाकऱ्या किती लागतील ते मास्तरांना विचारूनही घेतलं होतं. रोज संध्याकाळी धर्माजी विचारायचा, "मास्तर, तुमचं गाठोडं झालं बांदून?" आणि मास्तर म्हणायचे, "होतंय."

अशा वेळी भागुबाईंना किहीमच्या भाच्याचा सासरा आठवला. त्या सासऱ्याचे खडे म्हणे एका रात्रीत पडले होते. दिवसभर कडक उपास, मग अर्धा शेर गोडेतेल, त्यात डझनभर लिंबांचा रस, सगळं एका दमात प्यायचं आणि उजव्या कुशीवर पडून राहायचं. बस्स! मास्तरांनी डोळे मिटले आणि प्याले. त्या रात्रीचं वर्णन करणं सभ्यपणाला धरून होणार नाही. एवढंच सांगतो की सकाळी मास्तर परसातून आले ते उसासारखे चोखून टाकलेले दिसत होते, पण चेहरा असा फुलला होता की कोकिळाबाईंनी ओळखलं, काहीतरी घडलं.

खडे पडले होते! एक ना दोन, ओंजळभर. हिरवट, गोल, वाटाण्याएवढे, काही तर सुपारीएवढे. मास्तरांनी ते स्वतः निवडले, धुतले आणि लोणच्याच्या बरणीत गार पाण्यात घालून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवले. कोकिळाबाईंनी बरणी गेली म्हणून हळहळ केली. मास्तरांनी मनावर घेतलं नाही. शोध लावणाऱ्याच्या घरच्यांना त्याची किंमत नसते, हे त्यांनी वाचलेलं होतं.

मग काय विचारता! सारं गाव बरणी बघून गेलं. दिवेआगरहून लोक आले. मास्तर बरणी माठाखालून काढायचे, उजेडात धरायचे, 'निसर्ग' या शब्दानं सुरुवात करून घटकाभर बोलायचे आणि बरणी परत वाळूत ठेवायचे. पोटही मुकाट होतं. ते आपल्या मर्जीनं मुकाट होतं, पूर्वीही असायचं, पण आता त्याचं श्रेय ठरलेलं होतं. "मी मुंबईला जात नाही," मास्तरांनी जाहीर केलं. "गरजच काय?"

इथवर सगळं हसण्यावारी न्यावं असंच होतं. पुढचं तसं नाही.

धर्माजी त्या संध्याकाळी ओटीवर आला. बरणी त्यानं उलटसुलट करून पाहिली. "चांगलं झालं," तो म्हणाला. "मंग मी एकटाच जातो."

हे मास्तरांच्या ध्यानातच आलं नव्हतं. धर्माजी जाणार, पोट फाडून घेणार, आणि ताठ उभा राहून परत येणार. त्यानंतर जन्मभर या ओटीवर एक कापलेला माणूस बसणार आणि एक न कापलेला. कुळथानं गेली तेवढी अब्रू पुरे झाली होती.

"तू तरी कशाला जातोस?" मास्तर म्हणाले. "तेल घे. लिंबं घे."

"पर डाक्तर बोलला व्हता, आत पू झाला तर..."

"खडेच गेले तर पू कशाचा होईल?"

धर्माजीनं पुन्हा बरणीकडे पाहिलं. "तुमी सांगताय म्हंजी तसंच असंल," तो म्हणाला. "मी काय, चार बुकं बी शिकलो न्हाय." आणि तो उठून लिंबं शोधायला गेला.

बोटीच्या आदल्या दिवशी मास्तरांना एक नामी कल्पना सुचली. खडे मुंबईला डॉक्टरांकडेच पाठवायचे! म्हणजे मोठमोठ्या सर्जनांनाही कळेल. पण ओले कसे पाठवणार? त्यांनी ते ताटलीत पसरले आणि ताटली भर उन्हात तुळशीच्या कट्ट्यावर वाळत ठेवली. मग आत जाऊन ते डॉक्टरांना लिहायच्या मजकुराची जुळवाजुळव करत पडले आणि त्यांचा डोळा लागला.

"अहो," कोकिळाबाईंनी हलवून जागं केलं, "तुमचे खडे पातळ झाले."

"काय झाले?"

"पातळ. येऊन बघा."

ताटलीत तेल होतं. हिरवट, दाट, कडेला मुंग्या लागलेलं तेल. मधे एक-दोन सुपारीएवढे गोळे अजून तग धरून होते, तेही मास्तरांच्या डोळ्यांदेखत कलंडले आणि पसरले. एका कावळ्यानं चोच घालून पाहिली आणि नको म्हणून उडून गेला. कोकिळाबाईंनी बोट बुडवून नाकाशी नेलं.

"गोडेतेल," त्या म्हणाल्या. "जे पोटात गेलं तेच बाहेर आलं, साबणासारखं गोठून. खडे आहेत तिथंच आहेत."

मास्तर कट्ट्यावर बसले. कोकिळाबाईंनी त्यांना फार वेळ बसू दिलं नाही. "तुमचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या, "पण धर्माजीभावजींना आत्ताच्या आत्ता सांगून या. बोट उद्या सकाळची आहे."

मास्तर निघाले. हो, निघाले, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. वाटेत त्यांनी वाक्यसुद्धा तयार केलं: "धर्माजी, माझी चूक झाली, तू उद्या जा." सोपं वाक्य होतं. बिगारीतल्या पोराला लिहिता आलं असतं.

धर्माजीच्या अंगणात माणसं जमली होती. धर्माजीनं आदल्या रात्री तेल घेतलं होतं आणि त्याचेही पडले होते. "आले, आले मास्तर!" ओरडा झाला. रंगूनं परात पुढे केली. तिच्यात ओल्या फडक्यावर हिरवट गोळे मांडले होते. "तुमच्यापरास मोठे हायत!" धर्माजी लहान पोरासारखा हसत म्हणाला. त्यानं आपली बोटीतली जागा एका व्याह्याला देऊन टाकली होती. भागुबाईंनी पुढे होऊन मास्तरांच्या हातात नारळ दिला, आणि गावच्या पाटलांनी चार लोकांत सांगितलं, की मुंबईच्या डॉक्टरला जे जमत नाही ते आपल्या मास्तरांनी करून दाखवलं.

मास्तरांनी तोंड उघडलं. रंगू पदर सावरून ऐकायला उभी राहिली.

"धर्माजी," मास्तर म्हणाले, "ते खडे उन्हात ठेवू नकोस."

"न्हाय ठेवत," धर्माजी म्हणाला.

नारळ घेऊन मास्तर घरी आले. कोकिळाबाईंनी "सांगितलंत?" म्हणून विचारलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा विचारलं नाही. स्वतः जायला म्हणून त्यांनी चपला घातल्या, तर मास्तर दारात आडवे आले. "माझी लाज काढणार आहेस का?" ते म्हणाले. बाई थांबल्या. आपण थांबायला नको होतं, असं त्या पुढे जन्मभर म्हणत राहिल्या. सकाळी बोट गेली.

आषाढात धर्माजी पडला. आधी कळ, मग हुडहुडी भरून ताप, मग डोळे पिवळे, अंग पिवळं. दिघीला समुद्र असा उसळत होता की होडीसुद्धा कोणी लोटेना. मास्तर पहिल्याच दिवशी धावत आले आणि म्हणाले, "याला मुंबईला न्यायचा. मी नेतो." भर पावसात म्हसळ्यापर्यंत डोली, तिथून माणगावपर्यंत चिखलात रुतणारी बैलगाडी, पुढे मोटार, आणि मग धरमतरहून पावसातही चालणारी बोट. ज्या वाटेला डॉक्टर भ्याले होते ती सगळी वाट मास्तर धर्माजीचं डोकं मांडीवर घेऊन गेले. धर्माजी मधून मधून शुद्धीवर यायचा आणि म्हणायचा, "मास्तर, तुमाला लई तरास."

इस्पितळातल्या कारकुनाला खाटा राखलेली दोन नावं सापडली, पण तारीख मे महिन्यातली होती. "दोन महिने कुठे होता?" तो ओरडला. "आणि दोघांतला रोगी कोण?" मास्तर चिखलानं माखलेले, दाढी वाढलेले, वाटेत दोनदा कळ येऊन वाकडे झालेले. कारकुनानं त्यांच्याकडेच बोट केलं आणि दोन वॉर्डबॉय मास्तरांचं धोतर सोडायला लागले. एरवी मास्तरांनी केवढा अनर्थ केला असता! त्या दिवशी ते नुसते म्हणाले, "मी नव्हे हो. त्याला घ्या. लवकर घ्या."

आत पू झाला होता. धर्माजी वाचला, पण कसा, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. त्या गडबडीत मास्तरांना कोणी विचारलं नाही आणि मास्तरांनीही स्वतःचं पोट पुढे केलं नाही. दीड महिन्यानं धर्माजी गावी आला तेव्हा पोटाला रुंद पट्टा होता आणि नांगर जन्मात धरायचा नाही अशी ताकीद होती. लावणी रंगूनं आणि तिच्या भावानं जमेल तेवढी केली होती. खालची दोन खाचरं तशीच राहिली. बैल मेव्हण्याकडे गेले ते परत आलेच नाहीत.

आणि धर्माजी? तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "मास्तर नसते तर मी मेलो असतो. भावानं केलं न्हाय येवढं मास्तरांनी केलं." मास्तर ओटीवर बसलेले असले तर मोठ्यानं सांगायचा. मास्तर रोज त्याच्याकडे जात. जायचं नाही असं ठरवून निघत आणि जात.

भाद्रपदातली गोष्ट. धर्माजी ओटीवर खाटेवर पडला होता, रंगू खाली बसून तांदूळ पाखडत होती. पट्टा काचत होता म्हणून धर्माजी चिडला होता, आणि चिडला की तो एकच बोलायचा. "हिनं लिंबं कमी घातली. मास्तरांनी डझन सांगितली व्हती, हिनं आठ घातली. म्हणून माजे मोठे तेवढे पडले नि बारके ऱ्हायले आत."

रंगूचं सूप थांबलं. "व्हती तेवढी घातली," ती म्हणाली. मग मास्तरांकडे वळली आणि तिचा बांध फुटला. "मास्तर, तुमचे गेले ते गेलेच. आमचे ऱ्हायले. माज्या हातनं चुकलं वो. बाजारात जाऊन चार आनली असती, तर आज ह्यांच्या हातात नांगर असता."

मास्तर उठले. पुन्हा बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "लिंबांचं काही नाही. ते खडे नव्हतेच. तेलाचे गोळे होते. याचेही आणि माझेही. माझे उन्हात वितळले."

"कवा?" धर्माजीनं विचारलं.

"बोटीच्या आदल्या दिवशी. दुपारी."

"म्हंजी तुमी हितं आलात त्याच्या आदी?"

"आधी."

रंगूनं सूप खाली ठेवलं आणि ती आत निघून गेली. धर्माजी छपराकडे बघत पडून राहिला. मास्तरांना वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला तर बरं होईल, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

"का वो, मास्तर?"

"भ्यालो होतो," मास्तर म्हणाले. "सुरीला भ्यालो होतो. तू जाऊन आलास आणि मी राहिलो, तर लोक हसतील म्हणून तुला ठेवून घेतलं. आणि मग चार लोकांत तोंड उघडेना."

धर्माजी हळूहळू कुशीवर वळला. "येवढंच व्हय?" तो म्हणाला. "आवो, मी बी भ्यालोच व्हतो की! डोळ्याला डोळा लागत नव्हता. मास्तर हाय संगं, म्हणून निघालो व्हतो. तुमी नाय म्हनालात, तवा मला सुटल्यासारकं झालं." तो जरा थांबला, दम लागला होता. "भ्यालोय म्हणून बोलायचं व्हतं मला. दोगं मिळून भ्यालो असतो. बोटीत बसून भ्यालो असतो, नि गेलो असतो."

मास्तरांना रडू आलं. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले नाहीत, तसेच बसून राहिले.

दसऱ्यानंतर बोटी पुन्हा सुरळीत झाल्या. मास्तरांनी खाट राखायला सांगितली, रजा काढली, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी ते धर्माजीकडे गेले. "येतोस का सोबतीला?" त्यांनी विचारलं. "मला फार भीती वाटते."

धर्माजीनं पट्ट्यावर हात ठेवला. "आता गाडीचा हिसका सोसत न्हाय, मास्तर," तो म्हणाला. "आलो असतो." रंगू दारात उभी होती. कोकिळाबाई येते म्हणत होत्या. मास्तरांनी त्यांना धर्माजीचं दुखलंखुपलं बघायला मागे ठेवलं.

बोटीवर मास्तरांच्या शेजारी श्रीवर्धनकडचा एक म्हातारा सुपारीचं पोतं टेकून बसला होता. त्यानं पान पुढे केलं आणि कुठं निघालात म्हणून विचारलं. पोट कापून घ्यायला चाललोय, असं मास्तरांनी सांगितलं.

"अरे बापरे! भीती नाही वाटत?"

"वाटते," मास्तर म्हणाले. "फार वाटते."

"मग सोबत कोणी आणायचं नाही होय?"

"होती सोबत," मास्तर म्हणाले. "मीच घालवली."